उंदीर, सीताफळ आणि आबांचा प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, मी जामनेर तालुक्यातल्या पहूरचा. जळगावहून अजिंठ्याकडे निघालेल्या प्रवाशांना आमचे गाव माहीत असते ते स्टँडवरच्या चहामुळे. या गावात मी चौतीस वर्षे विज्ञान शिकवले. पेशी, केंद्रक, गुणसूत्रे हे सगळे रंगीत खडूंनी फळ्यावर काढून दाखवले. परीक्षेत मुलांना गुणही चांगले पडत. पण माझ्या घरातल्या एका माणसाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, आणि ती बोच पुष्कळ वर्षे राहिली.

१९९७ सालची गोष्ट. माझे थोरले भाऊ, आबा, यांच्या गालाला आतून जखम झाली. ती भरेना. आधी दात टोचतो म्हणून दात काढला. मग तोंड आले म्हणून गोळ्या झाल्या. चार-पाच महिने असे गेल्यावर जळगावला तुकडा काढून तपासला आणि आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात पोचलो. तोंडाचा कॅन्सर. तोवर गळ्यातही गाठ आली होती. एका संध्याकाळी धर्मशाळेच्या ओसरीत बसलेले असताना आबा मला म्हणाले, "तू तं मास्तर हाये ना रे? मग सांग, गावात एवढे लोक तंबाखू खातात. मलेच कसं काय झालं?"

मी म्हणालो, "नशीब, आबा. दुसरं काय."

जीवशास्त्राचा मास्तर आणि उत्तर काय, तर नशीब! आबा पुढच्या वर्षी गेले. त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर काय होते, ते मी नंतर हळूहळू वाचत गेलो. त्यातला मोठा भाग आम्ही बसलो होतो त्या परळमध्येच, रुग्णालयाच्या शेजारच्या प्रयोगशाळेत, एका मराठी बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्यभर शोधला होता, हे मला ठाऊकही नव्हते. ते कळले २०२१ सालच्या ८ नोव्हेंबरला. नातीने मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, "आजोबा, गूगलवर आज या कोण आहेत?" सूक्ष्मदर्शक घेतलेल्या बाईंचे चित्र होते. त्या डॉ. कमल रणदिवे. त्यांचा तो १०४ वा जन्मदिवस होता.

कमलताईंचा जन्म १९१७ चा, पुण्याचा. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलगी हुजूरपागेतून फर्ग्युसनला गेली आणि रमली वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्रात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम. एस्सी. केले. विषय काय असावा? सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रे. अजिंठ्याच्या डोंगरात दिवाळीच्या सुमारास सीताफळांच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बाया आपण पाहतो, तेच सीताफळ. त्या फळाच्या पेशीत डोकावणारी ही विद्यार्थिनी पुढे कॅन्सरकडे वळली, ही मला फार मोठी उडी वाटत नाही. पेशी कशी विभागते, गुणसूत्रांची वाटणी कशी होते, हे ज्याने बारकाईने पाहिले आहे त्याला ती वाटणी कुठे बिघडते हाही प्रश्न पडणारच.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या होत्या. तिथे टाटा रुग्णालयात त्यांना गुरू भेटले डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगाने शरीरात काय बदल होतात त्या शास्त्राचे, ते आद्य पुरुष. १९५२ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले त्याचे ते पहिले संचालक. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली.

आता त्यांच्या उंदरांकडे येतो, कारण आबांच्या प्रश्नाचा पहिला धागा तिथे आहे.

स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी उंदरांची शुद्ध वाणे तयार केली होती. आपल्याकडे शेतकऱ्याला सरळ वाण समजते, तसेच हे. भाऊ-बहिणींचे संकर वीस-वीस पिढ्या करीत गेले की सगळी पिले जवळजवळ एकाच साच्यातली निघतात. अशा काही वाणांत बहुतेक माद्यांना स्तनाची गाठ होई, काहींत क्वचितच. कमलताईंनी खानोलकरांबरोबर असे कमी-जास्त धोक्याचे चार वाण घेतले. त्यांनी पाहिले काय, तर कॅन्सरची गाठ नव्हे. गाठ होण्याच्या आधीच्या, निरोगी माद्यांच्या दूधग्रंथी त्यांनी एकमेकींशी ताडून पाहिल्या. मला या कामातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. घर जळाल्यावर राख चाळणारे पुष्कळ असतात. आग लागण्यापूर्वी त्या घरात काय रचून ठेवले होते, हे बघायला वेगळी नजर लागते.

उंदरांवरच्या या अभ्यासाला जगभर तीन बाजूंनी माहिती मिळत होती. पहिली आनुवंशिकता, म्हणजे बियाणे. दुसरी संप्रेरके, म्हणजे शरीरातल्या ग्रंथींचे स्राव. फ्रान्समध्ये लाकासान्य यांनी १९३२ मध्ये नर उंदरांना स्त्री-संप्रेरक टोचले आणि नरांना स्तनाच्या गाठी झाल्या. तिसरी बाजू सगळ्यांत विचित्र. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी जास्त कॅन्सरच्या वाणाची पिले जन्मल्याबरोबर उचलून कमी कॅन्सरच्या दाईकडे दुधाला लावली. त्या पिलांत मोठेपणी कॅन्सरचे प्रमाण एकदम घटले. म्हणजे आईकडून काहीतरी दुधातून येत होते. १९३६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि पुढे कळले की ते 'काहीतरी' म्हणजे एक विषाणू आहे.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण अर्धवट ऐकलेले पाच मैल पुढे गेले की त्याचा अर्थ भलताच होतो. हा विषाणू उंदरांचा आहे. माणसात आईच्या दुधातून कॅन्सर बाळाला जात नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका काहीसा कमीच होतो.

कमलताईंचे काम या तिन्ही धाग्यांच्या गाठीपाशी होते. बियाणे, संप्रेरके आणि विषाणू एकमेकांना कसे साथ देतात, हे त्या तपासत राहिल्या. नुसता विषाणू शिरला आणि गाठ झाली असे नाही. विषाणू आहे, पण बियाणे सोशिक आहे, तर गाठ होत नाही. दोन्ही आहेत पण संप्रेरकांचा जोर नाही, तर गाठ मागे पडते. एकच कारण, एकच गुन्हेगार हा आपला आवडता हिशेब इथे लागू पडत नाही. एकाच वाणाच्या, एकाच पिंजऱ्यातल्या, एकच दाणा खाणाऱ्या दोन माद्यांपैकी एकीला गाठ होते आणि दुसरी म्हातारी होऊन मरते. मंडळी, आबांचा प्रश्न हाच नव्हता का?

पीएच. डी. नंतर कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. तिथून त्यांनी आणलेल्या विद्येचे नाव ऐकून खानदेशातल्या माणसाला गंमत वाटेल. टिश्यू कल्चर! आपल्याकडे हा शब्द शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही पाठ आहे, केळीच्या रोपांमुळे. बाटलीत, जंतुविरहित हवेत, बारीकशा तुकड्यापासून रोप वाढवायचे. प्राण्याच्या किंवा माणसाच्या पेशींपासून असे अख्खे शरीर उगवत नाही, पण पेशी काचेच्या भांड्यात, योग्य खाद्य दिले तर, जगतात आणि विभागतात. आपल्या देशातली अशी पहिली प्रयोगशाळा कमलताईंनी मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात उभी केली.

त्याचा उपयोग काय? जिवंत माणसाच्या आत काय चालले आहे ते पाहता येत नाही. भांड्यातल्या पेशींवर मात्र औषध घालता येते, विष घालता येते, विषाणू सोडता येतो आणि बदल डोळ्यांनी बघता येतो. निरोगी पेशी भांड्यात साधारण पन्नासेक वेळा विभागतात आणि मग थांबतात, हे हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले. जणू प्रत्येक पेशीला मोजून दिलेली शिधापत्रिका. कॅन्सरच्या पेशी ती फाडून टाकतात. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. बाई त्याच वर्षी गेल्या; त्यांच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पेशी घेताना त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि घरच्यांना ते वीसेक वर्षे कळले नाही. विज्ञानाचे गोडवे गाताना ही बाजूही सांगितली पाहिजे.

आता दुसरा धागा. तो थेट आपल्या कमरेला बांधलेला आहे.

माझे आजोबा धोतर नेसत. ते इतके आवळून बांधत की कमरेवर काळा, राठ पट्टा पडला होता. शेतकरी माणसाचे ते भूषणच समजायचे. डॉ. खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या सवयींमुळे होणारे, आपल्या देशात आढळलेले तीन कॅन्सर त्यात सांगितले होते. एक, आवळून बांधलेल्या धोतराच्या जागी कमरेवर होणारा त्वचेचा. दुसरा, आंध्राकडे चुट्टा म्हणजे गावठी चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढतात, त्यांच्या टाळूचा. तिसरा, बिहारकडे खैनी म्हणजे तंबाखू-चुना खालच्या ओठात धरून ठेवतात, त्यांच्या नेमक्या त्याच जागेचा. जिथे घर्षण, जिथे चटका, जिथे गोळी, तिथेच रोग. नशीब इतके नेमके जागा बघून येत नाही.

हे निरीक्षण तसे जुने. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला होता. पण पुरावा हवा होता. तो जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी १९१५ मध्ये दिला. सशांच्या कानांना ते महिनोन्महिने डांबर फासत राहिले. आठवड्यात काही झाले नाही, महिन्यात झाले नाही. शेवटी कानांवर कॅन्सर उगवला. यातला 'महिनोन्महिने' हा शब्द लक्षात ठेवा.

कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत आपल्या देशी विषांना लावली. सुपारी आणि तंबाखू यांच्या अर्कांवरचे प्राण्यांवरील प्रयोग त्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. विडा खाण्याचा आणि तोंडाच्या कॅन्सरचा संबंध तपासण्यासाठी हॅमस्टरवर केलेले प्रयोग १९७९ मध्ये. हॅमस्टर म्हणजे उंदराचाच भाऊबंद; दाणे साठवायला त्याच्या गालात पिशवी असते, आपण गालात पुडी साठवतो तशी! त्या काळी आपल्याकडे समज असा की दोषी फक्त तंबाखू, सुपारी बिचारी सात्त्विक, लग्नाकार्यात गणपती म्हणून मांडतो ती. या प्रयोगांनी संशय सुपारीकडेही वळवला. पुढे २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने नुसती सुपारीही, तंबाखू नसताना, माणसात कॅन्सर घडवते असे जाहीर केले. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. पण स्टँडवर आजही सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते. पोरे दोन्ही फाडून तळहातावर एकत्र करतात. कायद्याची एवढी बारकाईने अंमलबजावणी मी दुसऱ्या कोणत्या बाबतीत पाहिलेली नाही.

मग आत नेमके होते काय? आबांच्या गालाचेच उदाहरण घेतो.

गालाच्या आतले अस्तर रोज झिजते आणि रोज नवे होते. खालच्या थरातल्या पेशी विभागून वर सरकतात. प्रत्येक विभागणीच्या वेळी पेशीतल्या सगळ्या मजकुराची नक्कल करावी लागते. तलाठ्याने सातबारा हाताने उतरवून काढताना चूक व्हावी तशी नक्कल करताना चूक होते. पेशीत चुका दुरुस्त करणारी माणसे, म्हणजे प्रथिने, असतात आणि बहुतेक चुका तिथेच सुधारल्या जातात. आता आबांनी पंधराव्या वर्षी त्या जागी तंबाखू-चुन्याची गोळी धरायला सुरुवात केली. चुना अस्तराला पोळतो, पोळलेले भरून काढायला पेशी जास्त विभागतात, म्हणजे नकला वाढतात. त्यातच तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची रसायने मजकुरालाच चिकटतात आणि अक्षरे बदलतात. नकला जास्त आणि शाईही भेसळीची.

मजकुरातल्या बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण काही ओळी फार मोलाच्या. पेशीला 'विभाग' असे सांगणारी जनुके आहेत, त्यांना गाडीचा अॅक्सिलरेटर म्हणा. कोंबड्यांना कॅन्सर करणारा विषाणू पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवला होता. त्या विषाणूतले घातक जनुक मुळात निरोगी कोंबडीच्याच पेशीतले, हे बिशप आणि व्हार्मस यांनी १९७६ मध्ये दाखवले आणि १९८९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे शत्रू बाहेरचा नव्हे. घरातलाच कामाचा माणूस बिघडतो. दुसऱ्या प्रकारची जनुके ब्रेकची. ती आई आणि बापाकडून एकेक अशी दोन मिळतात. एक तुटले तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. दोन्ही तुटली की थांबत नाही. लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून नुडसन यांनी १९७१ मध्ये हा हिशेब मांडला. ज्या घराण्यात एक ब्रेक जन्मतःच तुटलेला असतो, तिथे कॅन्सर लवकर आणि अनेकांना होतो. स्तनाच्या कॅन्सरचे असे एक जनुक १९९४ मध्ये नेमके हाती लागले. उंदरांच्या वाणांत कमलताई जे बियाण्याचे देणे शोधत होत्या, ते माणसात असे अक्षरशः वाचता आले. मात्र असे थेट घराण्यातून येणारे कॅन्सर शंभरात पाच ते दहाच. बाकीच्यांचे ब्रेक आयुष्याच्या वाटेवर तुटतात.

तर आबांच्या गालातल्या एका पेशीत एक चूक राहिली. तिच्या लेकींत दुसरी. ज्या लेकीत चूक 'कामाची' ठरली ती शेजारणींपेक्षा भराभर वाढली. कपाशीत एक तण फवारणीतून वाचते आणि पुढच्या वर्षी तेच सगळीकडे दिसते, तसे. अशा पाच-सहा मोठ्या चुका एकाच वंशात जमायला वीस, तीस वर्षे लागतात. या काळात गालावर पांढरा चट्टा दिसतो, किंवा लाल. सुपारीवाल्यांचे अस्तर आतून चामड्यासारखे ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. हा अजून कॅन्सर नव्हे. बहुतेक पांढरे चट्टे कॅन्सरपर्यंत जातही नाहीत. पण पुढे जाणारे बरेचसे याच वाटेने जातात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे तपासली होती. केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या खेड्यांत लोकांना तंबाखू सोडवण्याचा दीर्घ प्रयोगही त्या गटाने केला. ज्यांनी सोडली त्यांच्यात नवे चट्टे येणे कमी झाले.

अस्तराच्या खाली एक पातळ पडदा असतो, शेताच्या बांधासारखा. बिघडलेल्या पेशी बांधाच्या अलीकडे आहेत तोवर इलाज सोपा. एक दिवस त्या बांध फोडतात. त्या दिवसापासून त्याला कॅन्सर म्हणायचे. गाठ वाढायला रक्त लागते. ती नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते, पाटाचे पाणी चोरून वळवावे तशी. हा विचार फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला तेव्हा बऱ्याच जणांना पटला नव्हता. मग काही पेशी रसवाहिन्यांतून गळ्यातल्या गाठीत उतरतात, पुढे फुप्फुसात. कुठेही उतरल्या तरी सगळीकडे उगवत नाहीत. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मध्येच म्हटले होते की बी कितीही उधळले तरी मानवेल त्याच मातीत रुजते. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवायला नको.

आबा जेव्हा डॉक्टरकडे गेले तेव्हा बी गळ्यात रुजले होते. पण पेरणी झाली होती ते पंधरा वर्षांचे असताना. मधली तीस-पस्तीस वर्षे आम्ही कोणीच त्यांच्या तोंडात बघितले नाही.

मग "मलेच कसं काय" याचे उत्तर? दोन माणसे सारखीच तंबाखू खातात. एकाच्या दुरुस्तीच्या यंत्रणेत जन्मतः थोडी ढिलाई असते, एकाची गोळी जास्त वेळ एकाच जागी राहते, एक सोबत बिडी ओढतो. आणि तरीही शेवटी चूक नेमक्या मोलाच्या ओळीवर पडते की बाजूच्या मोकळ्या जागेवर, यात योगायोगाचा वाटा राहतोच. म्हणजे मी आबांना 'नशीब' म्हणालो ते अगदीच खोटे नव्हते. पण ते एकच तिकीट काढलेल्याचे नशीब नव्हे. रोज दहा वेळा, पस्तीस वर्षे तिकीट काढत राहिलेल्या माणसाचे नशीब. हे मला तेव्हा सांगता आले असते तर त्यांना बरे वाटले असते की वाईट, कोण जाणे. निदान आपण कोणाचे पाप फेडतो आहोत हा जो विचार त्यांना शेवटपर्यंत छळत होता, तो गेला असता.

आणखी एक सांगायचे आहे. सांगताना जीभ जड होते. आबा मुंबईहून परत आल्यावर आमच्या घरात त्यांचे ताट वेगळे झाले. तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा, लहान पोरांना त्यांच्या खोलीत जाऊ द्यायचे नाही. कोणी ठरवून सांगितले नव्हते, आपोआप झाले. वहिनी एकट्या त्यांच्या ताटात उरलेले खात, मुद्दाम, सगळ्यांच्या देखत. मला माहीत होते की कॅन्सर ताटातून लागत नाही. तोंडाचा कॅन्सर म्हणजे त्या माणसाच्या स्वतःच्याच पेशी. त्या दुसऱ्याच्या शरीरात जाऊन रुजत नाहीत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसारख्या काहींच्या मागे विषाणू असतो हे खरे, आणि त्यावर आता लसही आहे, पण त्यातही माणसापासून माणसाला जातो तो विषाणू. कॅन्सर नव्हे, आणि तोही ताटातून नव्हे. हे सगळे ठाऊक असून मी गप्प बसलो. मोठे घर, मोठी माणसे, कशाला बोलायचे, असे म्हणून.

त्या वेळी मी स्वतःही तंबाखू खात होतो, हे ओघात सांगायचे राहिले. आबा गेल्यावर चार महिने सोडली आणि मग पुन्हा सुरू झाली. २००६ मध्ये दाढ दुखते म्हणून जळगावला गेलो तर दातांच्या डॉक्टरांनी दाढ बाजूला ठेवली आणि खालचा ओठ उलटा करून आरसा माझ्या हातात दिला. पांढरा चट्टा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. चोवीस वर्षे मी पेशीचे चित्र फळ्यावर काढले होते आणि माझ्याच ओठातले चित्र मला दुसऱ्याने दाखवले. तुकडा तपासला. बिघाड होता, पण बांधाच्या अलीकडे. चट्टा काढून टाकला. त्या दिवसापासून पुडीला हात लावलेला नाही. पहिले तीन आठवडे मी घरात सगळ्यांवर इतका ओरडलो की सौ. एकदा म्हणाली, "खा बाई एकदाची, पण गप्प बसा." तिने ते मनापासून म्हटले नसावे अशी आशा आहे.

कमलताई १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांपैकी त्या एक. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या राजूर भागात आदिवासी बायामुलांच्या पोषणावर आणि आरोग्यावर काम करायला गेल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. आबांच्या वेळी, १९९७ मध्ये, त्या हयात होत्या. हे कळल्यावर मला उगीचच वाईट वाटले; भेट झाली असती असे थोडेच आहे.

हल्ली मी संध्याकाळी स्टँडवर चहाला गेलो की ओळखीच्या पोरांना एकच गंमत करायला लावतो. तीन बोटे एकावर एक, उभी, तोंडात घालून दाखवायची. निरोगी माणसाची सहज जातात. परवा माझ्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. दोन गेली, तिसरे बोट जाईना. तो हसला आणि म्हणाला, "सर, बोटंच जाड आहेत." मी त्याला त्याच्या शेजारच्या, त्याच्याहून जाडजूड पोराची बोटे बघायला सांगितली. त्याने ती बघितली, आणि मग आपल्या वडिलांना काही सांगू नका म्हणून माझ्या मागे लागला. सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे जळगावला जाणार आहोत.